गोकूचा आवाज एका आजींचा आहे, मग त्या स्टार कशा झाल्या?

प्रश्न नगरच्या एका मुलाचा आहे, थोडक्यात असा: "ताई, लहानपणी ड्रॅगन बॉल हिंदीत बघितलं, आता जपानीत बघतो. मित्र म्हणतो जपानी गोकूचा आवाज एका म्हाताऱ्या बाईंचा आहे, खरं का? तिकडे आवाज देणारे लोक एवढे फेमस कसे होतात, आपल्याकडे तर नावही माहीत नसतं. आणि मला गोकूची मिमिक्री भारी जमते, या लाईनमध्ये काही होईल का?"

एकात तीन प्रश्न आहेत, तिसऱ्याचं उत्तर तुला आवडणार नाही म्हणून ते शेवटी ठेवते.

मित्राचं शंभर टक्के बरोबर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्रॅगन बॉल ही जपानी कार्टून मालिका आणि गोकू तिचा हिरो. त्याचा आवाज देणाऱ्या बाईंचं नाव मासाको नोझावा, जन्म २५ ऑक्टोबर १९३६ चा, तोक्योचा. म्हणजे हिशोब तूच कर. मी गेली बावीस वर्षं अंधेरी-ओशिवऱ्याच्या स्टुडिओंमधून डबिंग करते, हिंदी जास्त, मराठी मिळेल तेव्हा, आणि माझं निम्म्याहून जास्त काम पाच ते बारा वर्षांच्या पोरांचं असतं. पोरांचं म्हणजे मुलग्यांचं. घरी मी माझ्या लेकावर ओरडले की तो घाबरायच्या ऐवजी हसतो, म्हणतो आई तू त्या कार्टूनसारखी ओरडलीस. त्यामुळे नोझावा बाईंबद्दल मला कुणी विचारलं की मी जरा जास्तच बोलते, आधीच सांगून ठेवते.

आधी हे समज की बाईने मुलाचा आवाज काढणं यात चमत्कार काही नाही, तो आमच्या धंद्याचा जुना व्यवहार आहे. खऱ्या लहान मुलाला माईकसमोर उभं केलं तर पहिला अर्धा तास तो गोड करतो, मग त्याला भूक लागते, शू लागते, झोप येते, आणि सिरीयल चार वर्षं चालली तर मधेच त्याचा आवाज फुटतो, मग काय करायचं? बाईचा आवाज फुटत नाही. जपानमध्ये तर याचं अजून एक कारण होतं. १९५० च्या दशकात तिकडे टीव्ही सुरू झाला तेव्हा अमेरिकन मालिका आणायचे आणि त्याचं जपानी डबिंग चक्क लाईव्ह चालायचं, म्हणजे पडद्यावर चित्र चालू आणि कलाकार तिथेच माईकसमोर बोलतायत, चुकलं तर चुकलं, घराघरात चूक ऐकू गेली. अशा ठिकाणी सात वर्षांचं पोरगं कोण उभं करेल? मोठ्या पुरुषाचा आवाज मुलाचा वाटत नाही, मग नाटकातल्या तरुण मुलींना उभं करून बघितलं. नोझावा बाई त्या पहिल्या फळीतल्या. लहानपणापासून अभिनय करत होत्या, पुढे नाटकमंडळीत होत्या, आवाजाचं काम हे त्या वेळी नाटकवाल्यांचं साईड इन्कम होतं. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना स्वतःला नुसतं "आवाजवाले" म्हणवून घेणं आवडायचंही नाही, आम्ही नट आहोत, आवाज हा नटाच्या कामाचा एक भाग, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा लक्षात ठेव, मिमिक्रीच्या वेळी लागणार आहे.

१९६८ मध्ये "गेगेगे नो कितारो" म्हणून भुतांच्या गोष्टींची ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, आली, ब्लॅक अँड व्हाईट, त्यात कितारो या भूतपोराचा आवाज त्यांचा. पुढे १९७२ चा "दोकोंजो गाएरू" मधला हिरोशी, १९७५ चा गान्बा नावाचा उंदीर, १९७८ च्या "गॅलक्सी एक्स्प्रेस ९९९" मधला तेत्सुरो, १९८० चा टॉम सॉयर. सगळी पोरं, आणि सगळी वेगळी. म्हणजे गोकू मिळाला तेव्हा बाई पन्नाशीला आल्या होत्या आणि पाठीशी जवळजवळ तीस वर्षांचं काम होतं. आपल्याकडे लोकांना वाटतं गोकूमुळे त्या झाल्या. गोकूने त्यांना जगभर नेलं हे खरंय, पण जपानमध्ये त्याआधीच एक अख्खी पिढी त्यांचा आवाज ऐकत मोठी झाली होती.

ड्रॅगन बॉलचा पहिला एपिसोड २६ फेब्रुवारी १९८६ ला लागला. ड्रॅगन बॉलचं मूळ कॉमिक काढणाऱ्या अकिरा तोरियामा यांनी ऑडिशनच्या टेप्स ऐकून गोकूसाठी त्यांना निवडलं, आणि तोरियामा नंतर सांगायचे की पुढे कॉमिक काढताना गोकूचे संवाद मला नोझावांच्याच आवाजात ऐकू यायला लागले. हे वाक्य मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा थंड होईपर्यंत तशीच बसून राहिले होते. ज्याने पात्र जन्माला घातलं त्याच्याच डोक्यात तुमचा आवाज जाऊन बसतो, यापेक्षा मोठं बक्षीस आमच्या धंद्यात नाही. असाच किस्सा डोरेमॉनचा. १९७९ ते २००५ अशी सव्वीस वर्षं तो आवाज नोबुयो ओयामा यांनी दिला, २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांचा आवाज ऐकून मूळ लेखक फुजिको म्हणाले होते, अरेच्चा, डोरेमॉनचा आवाज असा होता होय! लेखकालाच नव्याने कळलं.

आता गोकूच्या भाषेचं बघ, कारण सबटायटलमध्ये हे सगळं वाहून जातं. गोकू स्वतःला "ओरा" म्हणतो. जपानीत "मी" साठी ढिगाने शब्द आहेत, वयाप्रमाणे, तोऱ्याप्रमाणे, आणि "ओरा" हा खेड्यातल्या, रांगड्या माणसाचा. आपल्याकडे एखादा हिरो जगाचा सत्यानाश करायला आलेल्या राक्षसासमोर उभा राहून "म्या हाय ना" म्हणाला तर जसं वाटेल ना, तसं. तोरियामांनी तो डोंगरात एकट्या आजोबांनी वाढवलेला पोरगा म्हणून तसा लिहिला, पण कागदावरचं "ओरा" वेगळं आणि तोंडातून निघालेलं वेगळं. नोझावा बाई ते विनोदी करत नाहीत, इथेच सगळी मजा आहे. गावाकडचा माणूस गावाकडचं बोलतोय याचं त्याला स्वतःला कुठे हसू येतं? आमच्याकडे ग्रामीण पात्र आलं की डायरेक्टर म्हणतो ताई थोडं गावठी करा, आणि मग आम्ही जे करतो ते ऐकून कुठलाही खेडेगावचा माणूस चप्पल काढेल.

बरं, पुढे गोकू मोठा होतो. दंड फुगलेला, लग्न झालेलं, पोरगा झालेला. इथे जगातल्या जवळजवळ प्रत्येक भाषेत आवाज बदलला, बाईचा पुरुषाचा झाला. इंग्रजीत मोठा गोकू शॉन शेमेल, मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये मारिओ कास्तान्येदा, आपल्या हिंदीत अंकुर जवेरी. जपानमध्ये मात्र नोझावाच राहिल्या, आणि म्हणून तुझ्यासारखी मुलं हिंदीवरून जपानीवर गेली की पहिले दोन एपिसोड त्यांना कसंतरी होतं, हा एवढा मोठा माणूस असा का बोलतोय म्हणून. तिसऱ्या एपिसोडला सवय होते, आणि दहाव्याला लक्षात येतं की अरे हा माणूस मोठा झालाच नाहीये, आतून तोच डोंगरातला पोरगा आहे, भांडण म्हटलं की डोळे चमकतात, जेवण म्हटलं की सगळं विसरतो. पुरुषाचा भारदस्त आवाज लावला की गोकू आपोआप सुपरहिरो होतो. (हिंदीवाल्यांनी वाईट केलं असं नाही म्हणत हां, त्यांच्या हातात जे दिलं त्यात त्यांनी जीव ओतलाय.)

मग गोकूचा पोरगा गोहान, आवाज त्यांचाच. धाकटा गोतेन, त्यांचाच. गोकूचा बाप बार्डाक, तोही त्यांचाच. आणि त्या हे वेगवेगळं रेकॉर्ड करत बसत नाहीत, एकाच सीनमध्ये बाप बोलला, पोरगा बोलला, परत बाप, सलग. ड्रॅगन बॉल १५३ एपिसोड, त्याच्याच पुढच्या मालिका म्हणजे झेड २९१, नंतर जीटी, मग २०१५ पासून सुपरचे १३१, सिनेमे वेगळे, गेम्स वेगळे, २०२४ ला दाइमा आली त्यातही त्याच. २०१७ मध्ये गिनीज बुकवाल्यांनी त्यांची नोंद केली, व्हिडिओ गेममध्ये एकाच पात्राला सर्वात जास्त काळ आवाज दिल्याबद्दल, २३ वर्षं २१८ दिवस. आणि ते फक्त गेमचं मोजलंय, टीव्हीचं धरलेलंच नाही.

एकाच सीनमध्ये तीन माणसं कशी जमत असतील हे समजायला तिकडची खोली कशी असते ते माहीत पाहिजे. तिकडे याला आफुरेको म्हणतात, चित्र आधी आणि आवाज नंतर. चित्र आधी म्हणजे तरी काय, बऱ्याचदा नुसत्या पेन्सिलच्या रेषा हलत असतात, तोंड पण धड काढलेलं नसतं, कुणी कधी बोलायचं याची खूण तेवढी पडद्यावर येते. एका मोठ्या खोलीत तीन-चार माईक, मागे भिंतीला लागून बाकांवर पंधरा-वीस कलाकार बसलेले, प्रत्येकाच्या हातात छापील स्क्रिप्ट. आपली ओळ आली की उठायचं, मोकळ्या माईकपाशी जायचं, बोलायचं आणि पुढच्याला जागा देऊन मागे सरकायचं, आणि हे सगळं पायाचा आवाज न करता, पान उलटल्याचा आवाज न करता. नवीन पोरांना पहिले काही महिने म्हणे अभिनयापेक्षा कुठल्या माईकवर कधी जायचं याचंच जास्त टेन्शन असतं. आधी टेस्ट होते, मग फायनल. करोनात हे बंद पडलं, दोघा-तिघांच्या गटात रेकॉर्डिंग व्हायला लागलं, तेव्हा जुनी मंडळी फार हळहळली, कारण समोरच्याचं ऐकून बोलणं यावरच त्यांचं सगळं उभं आहे.

आणि आमचं? आम्ही एकेकटे. एवढासा बूथ, एसी बंद कारण त्याचा आवाज येतो, कानात ओरिजिनल ट्रॅक, आणि स्क्रिप्ट बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा बघायची. माझी सगळी वाक्यं मी आज संपवते, माझ्या "बाबांचा" आवाज परवा येऊन त्याची संपवतो, दोन वर्षं एका सिरीयलमध्ये माझे बाबा असलेल्या माणसाला मी पहिल्यांदा भेटले ते लिफ्टमध्ये. मी म्हटलं, अय्या, तुम्ही माझे बाबा! लिफ्टमधल्या बाकीच्या लोकांचे चेहरे अजून आठवतात.

पण कानात ओरिजिनल ट्रॅक असण्याचा एक फायदा असतो, जपानी कलाकारांचा श्वास ऐकू येतो. प्रेक्षकाला नाही येत, म्युझिक असतं, स्फोट असतात, पण हेडफोनमध्ये एकेक वाक्य वीस वीस वेळा ऐकलं की कळतं श्वास कुठे घेतलाय, कुठे चोरलाय, कुठे मुद्दाम ऐकू येईल असा ठेवलाय. "कामेहामेहा" घे, गोकू हातातून ऊर्जेचा झोत सोडताना ओरडतो ते. आपली पोरं गल्लीत करतात तेव्हा पहिल्या "का" लाच जोर लावतात आणि शेवटच्या "हा" ला हवा संपलेली असते. नोझावा बाईंचा "का" खाली, दाबलेला, जणू काही ओझं उचलायच्या आधी पाय रोवतायत. मग एकेक अक्षर चढत जातं आणि शेवटचा "हा" सुटतो तो घशातून नाही, बेंबीपासून येतो. मी शिकवते तेव्हा पोरांना हाच सराव देते, एक हात पोटावर, एक खांद्यावर, खांदा उचलला गेला की आऊट. पहिल्या दिवशी सगळे आऊट होतात, आणि मोठ्याने ओरडणारे सगळ्यात आधी.

यात माझा स्वतःचा अनुभव आहे म्हणून सांगते. लाईनमध्ये सहा-सात वर्षं झाली होती, एका फायटिंगवाल्या सिरीयलच्या फक्त रिॲक्शन्स करायच्या होत्या, म्हणजे मार खाल्ल्याचे, मारल्याचे, पडल्याचे, उडाल्याचे आवाज. चार तास सलग. कुठला स्टुडिओ ते जाऊदे. माझ्यात तेव्हा रग होती, थांबते म्हणायला लाज वाटायची, पाणी प्यायले आणि परत ओरडले. रात्री घरी आले तर भाजीवाल्याला "पाव किलो" सांगता येईना. डॉक्टर म्हणाले घशात गाठी आल्यात, तीन आठवडे कुजबुजायचं पण नाही, पाटीवर लिहून बोला. तीन आठवड्यांनी आवाज आला, काम दुसरीकडे गेलं होतं, आणि ते पात्र चार सीझन चाललं, दुसऱ्याच मुलीच्या आवाजात, एकाही प्रेक्षकाने विचारलं नाही की पोराचा आवाज का बदलला. तर ऐंशी ओलांडलेली बाई जेव्हा आजही सुपर सायान (गोकूचं ताकद वाढलेलं रूप) होताना ओरडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाते तेव्हा मला तिचा आवाज नंतर दिसतो, आधी तिची शिस्त दिसते.

आता तुझा दुसरा प्रश्न, फेमस कसे होतात. माझ्या मते याचं उत्तर वर येऊन गेलंच: माझा आवाज बदलला तर कुणी विचारलं नाही, गोकूचा बदलला तर जपानमध्ये राष्ट्रीय बातमी होईल. २००५ मध्ये डोरेमॉनच्या पाचही मुख्य पात्रांचे आवाज एकदम बदलले तेव्हा झालीच होती. तिकडे पात्र आणि आवाज हे एकदा लागलेलं लग्न आहे, कंपनी बदलो, चॅनेल बदलो, चाळीस वर्षं जावोत, शक्यतो तोच माणूस. प्रेक्षकाला नाव माहीत असतं कारण नाव शेवटच्या पाट्यांमध्ये पात्रासमोर ठळक येतं, दर आठवड्याला, आणि गाणं चालू असतं म्हणून लोक चॅनेल बदलत नाहीत. साधी गोष्ट वाटते ना? आपल्याकडे डब केलेल्या मालिकेच्या शेवटी पाट्याच कापून जाहिरात लावायचे, ओटीटीवर आता कुठे नावं दिसायला लागलीत, तीही पुढचा एपिसोड आपोआप सुरू व्हायच्या आत वाचलीस तर. हिंदी गोकू म्हणून मी वर अंकुर जवेरीचं नाव घेतलं, खरं सांग, तुला माहीत होतं?

पण हे त्यांना कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. १९७३ मध्ये जपानच्या आवाज कलाकारांनी मोर्चे काढले, एक दिवसाचा संप केला, तेव्हा मानधन तिपटीच्या घरात वाढलं. नंतर पुन्हा दाखवण्याच्या पैशांसाठी भांडले. त्यांच्या युनियनचा रँकचा हिशोब असतो, अर्ध्या तासाच्या एपिसोडला नवख्याला ठरलेले पंधरा हजार येन, आपले आठ-नऊ हजार समज, मग एक ओळ असो की शंभर. तू म्हणशील भारी आहे की. पण महिन्याला एखाद-दुसरा एपिसोड मिळाला तर तोक्योत भाडं पण निघत नाही, म्हणून बहुतेक नवे कलाकार दुकानात, हॉटेलात पार्ट टाईम करतात. ट्रेनिंग स्कूलमधून दरवर्षी हजारो पोरं बाहेर पडतात, त्यातली तुला-मला नावाने माहीत होणारी किती, हाताच्या बोटांवर. दुरून डोंगर साजरे.

स्टारपणाचं म्हणशील तर ते टप्प्याटप्प्याने आलं. साठच्या दशकात परदेशी सिनेमांच्या नटांना आवाज देणाऱ्यांच्या मागे लोक लागले, फ्रेंच नट अलॅन दलाँचा आवाज नाची नोझावा (आडनाव सेम, नातं नाही). सत्तरच्या शेवटी स्पेसवाल्या ॲनिमेची लाट आली, तेव्हा आवाजवाल्यांनी चक्क बँड काढले. आणि नव्वदच्या दशकात गाडी सुसाट सुटली, त्याचं सगळ्यात मोठं नाव मेगुमी हायाशिबारा. ही बाई नर्सिंग शिकली होती, पास होऊन पात्रता मिळवली, आणि त्याच वेळी आवाजाच्या शाळेत पण जात होती. "रानमा" मधला मुलगी झालेला रानमा, स्लेअर्सची लीना, काउबॉय बिबॉपची फेय, पोकेमॉनमधली टीम रॉकेटवाली आणि एव्हांगेलियनची रेई अयानामी ही सगळी तिचीच. रेई आणि लीना एकाच वर्षी, १९९५ ला. एक तोंडातल्या तोंडात चार शब्द बोलणारी, दुसरी तोंड बंदच न करणारी. शिवाय सिरीयलची टायटल साँग्स हीच गायची, आणि रेडिओ शो, "तोक्यो बुगी नाईट", १९९२ पासून. रेडिओचं महत्त्व आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. दर आठवड्याला रात्री अर्धा तास ती बाई स्वतःच्या आवाजात गप्पा मारते, ऐकणाऱ्यांची पत्रं वाचते, मग ती पात्रामागची कुणीतरी राहत नाही, घरातली होते. आपल्याकडे हे झालंय की! मुंबई आकाशवाणीवरच्या श्रुतिकेतले टेकाडे भावजी, मीनावहिनी यांचे चेहरे कुणी पाहिले होते, पण माझी आजी त्यांच्याबद्दल शेजारच्या बिऱ्हाडातली असल्यासारखी बोलायची. नंतर आपण ते सोडून दिलं, त्यांनी धरून ठेवलं.

तिथून पुढे नाना मिझुकी, तिने २०११ मध्ये तोक्यो डोममध्ये स्वतःची कॉन्सर्ट केली, आवाज कलाकार म्हणून अशी पहिलीच. आता तर नाचता यायला पाहिजे, दिसायला बरं पाहिजे, स्टेजवर बोलता यायला पाहिजे, सोशल मीडिया सांभाळता यायला पाहिजे. मला हे फारसं आवडत नाही, सांगून टाकते. बावीस वर्षांच्या पोरीचं लग्न ठरलं म्हणून फॅन रुसतात, हे आवाजावरचं प्रेम नाही, हे भलतंच काहीतरी आहे. नोझावा बाईंना यातलं काहीच करावं लागलं नाही, आणि तरी लोकप्रियतेत त्यांच्या जवळपास फार कमी जण येतील.

बाकी जपानबाहेर असं होतच नाही असंही नाही. मार्च २०१८ मध्ये ड्रॅगन बॉल सुपरचा १३० वा एपिसोड मेक्सिकोत चौकाचौकात मोठे पडदे लावून दाखवला, हजारो लोक जमले, आपल्याकडे वर्ल्ड कपची फायनल बघतात तसे, कंपनीने आधी परवानगी नाही म्हणून निषेधाचं पत्रक काढलं होतं तरी. तिकडच्या गोकूला, कास्तान्येदाला, लोक रस्त्यात ओळखतात. का, तर तोच माणूस वर्षानुवर्षं गोकू राहिला. म्हणजे हे फक्त जपानी पाण्याचा गुण नाहीये, एका माणसाला एका पात्राजवळ टिकू देणं एवढंच आहे, आणि ते आपल्याकडे होत नाही कारण कामं वाटणाऱ्या को-ऑर्डिनेटरला दोनशे रुपये स्वस्त आवाज मिळाला की तो बदलतो.

त्यांच्या कामातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट गोकूची नाहीच. २०१८ मध्ये कितारोची नवी सिरीज आली. १९६८ ला ज्या कितारो झाल्या होत्या, त्या पन्नास वर्षांनी त्याच गोष्टीत परत आल्या, पण आता कितारोचा आवाज मियुकी सावाशिरोचा, आणि नोझावा बाई कितारोच्या बापाच्या भूमिकेत. बाप म्हणजे काय तर एक डोळा, त्याला छोटंसं शरीर, पोराच्या केसात बसून राहतो, वाटीतल्या गरम पाण्यात आंघोळ करतो, आणि पोराला "कितारो!" अशी हाक मारतो. तो मूळ बापाचा आवाज देणारे इसामु तानोनाका २०१० मध्ये गेले होते. ज्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी त्यांना पोरगा म्हणून हाक मारली, त्याच्या जागी उभं राहून ती हाक आता त्यांनी मारायची. तो पहिला एपिसोड काढ आणि बघ, त्यांनी तानोनाकांची नक्कल केलेली नाही, पण ज्यांनी जुनं बघितलंय त्यांना बाप बदलल्यासारखंही वाटत नाही. हे कसं केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, आणि मी हेच काम करते.

तर आता तुझी मिमिक्री. गोकूची नक्कल जमते हे चांगलंय, कान चांगला आहे एवढं त्यातून कळतं. पण स्टुडिओत गोकू कुणाला नको असतो, तो आधीच कुणीतरी करतंय. मला दर महिन्याला डेमो, म्हणजे आवाजाचे नमुने, येतात, त्यातल्या निम्म्यात गोकू, शिनचॅन आणि अमिताभ असतात, पहिल्या दहा सेकंदात मी बंद करते. मला ऐकायचं असतं की तुझ्याच आवाजात तू एक साधं वाक्य कसं बोलतोस, "आई, मी आज जेवणार नाही" हे रागाने, खोटं बोलताना, आणि खरंच पोट दुखत असताना. नोझावा बाईंचा गोकू आणि गोहान वेगळे वाटतात ते आवाज खालीवर केल्यामुळे नाही, एकाला भूक लागलीये आणि एकाला भीती वाटतीये म्हणून.

डेमो एक मिनिटाचा कर, तीन तुकडे, मागे म्युझिक नको, रजई अंगावर घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल. एक तुकडा मराठीत ठेव, तोही तुझ्या नगरच्या मराठीत, पुण्याची करायला जाऊ नकोस. जपानला जायचं म्हणत असशील तर भाषा इतकी यायला हवी की स्क्रिप्ट पहिल्या झटक्यात न अडखळता वाचता आली पाहिजे, त्याला पाच-सात वर्षं धर, आणि तोवर इथे एखाद्या नाटकाच्या ग्रुपमध्ये जा, राज्य नाट्य स्पर्धेत पडद्यामागे खुर्च्या उचलल्यास तरी चालेल. हिंदीचा "श" आणि "ष" सोडून दे, पण "फ" सांभाळ, आपली मराठी पोरं "फिर" आणि "फोन" दोन्हीला एकच "फ" लावतात आणि तिथेच पकडली जातात. आणि घसा दुखला की त्या दिवशी थांब, कुणी काही म्हणो.

डेमो झाला की पाठव, ऐकीन. गोकू असला तर ऐकणार नाही.